लोखंडावर ऑक्साइडचं कवच चढवताना: पोलादाच्या पट्टीपासून उत्प्रेरकापर्यंत

नुकतंच क्षपण (हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेणं) पूर्ण झालेला लोखंडी उत्प्रेरक नळीतून काढून थेट काचेच्या बशीत ओतला, तर पहिले काही क्षण काहीच होत नाही. काळी, मऊ भुकटी शांत पडून असते. मग ढिगाच्या कडेला एक लाल ठिपका उमटतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत पुढे सरकतो, आणि बघता बघता सगळा ढीग विटकरी होऊन जातो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चार दिवसांची मेहनत त्या बशीत जळाली होती.

हाच पदार्थ नीट हाताळला तर हवेत उघडा तोलता येतो, बाटलीत भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत नेता येतो. दोन्हींत फरक असतो तो कणांवरच्या दोन-तीन नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडचा. तो थर कसा चढवायचा, झाला की नाही हे कसं तपासायचं आणि वापरायच्या वेळी कसा उतरवायचा, ते या कामात नव्याने आलेल्यांसाठी लिहितो आहे.

आधी गंज आणि कवच यांतला फरक

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. गंज हेही ऑक्साइडच, मग तो लोखंडाला का वाचवत नाही? आकारमान फुगतं म्हणून गंज सुटतो, असं उत्तर सहसा मिळतं. ते अर्धंच खरं आहे. पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये धातूचं आकारमान आणि त्यापासून बनणाऱ्या ऑक्साइडचं आकारमान यांचं गुणोत्तर मांडलं. मॅग्नेटाइटसाठी, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडसाठी, ऑक्साइडचं आकारमान धातूच्या साधारण २.१ पट येतं. क्रोमियमच्या ऑक्साइडसाठीही जवळपास तेवढंच येतं, आणि स्टेनलेस स्टीलला वाचवतं ते क्रोमियमचंच ऑक्साइड. म्हणजे नुसत्या फुगण्यावर दोष टाकता येत नाही.

खरा फरक आहे तो थर कुठे तयार होतो याचा. ओल्या पृष्ठभागावर लोखंड एका जागी विरघळून पाण्यात उतरतं, ऑक्सिजन दुसऱ्या जागी इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोघांची गाठ पडते ती पाण्यात. तिथे बनलेलं हायड्रॉक्साइड गाळासारखं वरून येऊन साचतं. ते धातूला चिकटलेलं नसतं, सच्छिद्र असतं, ओल धरून ठेवतं, आणि खालचं लोखंड विरघळतच राहतं. कोरड्या ऑक्सिजनमध्ये असं होत नाही. तिथे ऑक्साइड धातूच्या अंगातूनच उगवतं, अणूला अणू लागून. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत सांभाळायचं आहे ते हेच: थर धातूतून उगवला पाहिजे, वरून साचता कामा नये.

हा थर स्वतःच थांबतो, हेही आपलं भाग्य. १९४९ मध्ये काब्रेरा आणि मॉट यांनी याचं कारण मांडलं. थर अगदी पातळ असताना धातूतले इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जाऊन पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला मिळतात. त्यामुळे थराच्या आरपार जबर विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते लोखंडाचे आयन बाहेर खेचतं. थर जाड होऊ लागला की क्षेत्र कमी पडतं आणि वाढ जवळजवळ थांबते. खोलीच्या तापमानाला ही मर्यादा काही नॅनोमीटरची असते. तापमान वाढलं की मात्र आयन नुसत्या उष्णतेनेच सरकू लागतात, आणि मर्यादा उरत नाही. बशीतल्या त्या भुकटीचं हेच झालं होतं.

निरीक्षण म्हणून ही गोष्ट बरीच जुनी आहे. जेम्स कीर यांनी १७९० मध्ये नोंदवलं होतं की संहत नायट्रिक आम्लात लोखंड विरघळायचं थांबतं. पुढे १८३६ मध्ये शोनबाइन आणि फॅरेडे यांनी त्यावर पत्रव्यवहार केला, आणि अशा लोखंडाला ‘पॅसिव्ह’ म्हणायची सुरुवात शोनबाइन यांनी केली. पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण झालं असावं, हा फॅरेडे यांचा कयास बरोबर निघाला. असं लोखंड मग विरल आम्लातही शांत बसतं, पण त्यावर ओरखडा काढला की एकदम फसफसू लागतं. हा प्रयोग नवख्यांनी करू नये, कारण त्यातून निघणारे तपकिरी धूर विषारी असतात.

पायरी पहिली: पट्टीवर हात बसवा

उत्प्रेरकाला हात लावण्याआधी पोलादाच्या पट्टीवर थर चढवून पाहा. यात एक दुपार जाते, पण ऑक्साइडची जाडी तापमानाबरोबर कशी वाढते हे डोळ्यांनी दिसतं.

साध्या कार्बन पोलादाची पातळ पट्टी घ्या, स्टेनलेस नको. पॉलिश पेपरने आधी भरड, मग बारीक घासा. शेवटी ४०० किंवा ६०० नंबरचा कागद एकाच दिशेने फिरवा. अॅसिटोनने पुसा, आणि त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नका. बोटांच्या घामातलं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण तापवल्यावर त्याचे ठसे रंगात उमटतात आणि पुढे गंजाची सुरुवात तिथूनच होते.

आता पट्टीचं एक टोक हॉट प्लेटवर ठेवा, दुसरं बाहेर राहू द्या. हॉट प्लेट हळूहळू तापवा. साधारण २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळा रंग येतो, २५० च्या पुढे तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० च्या आसपास गडद निळा. त्याही पुढे निळा फिका पडत राखाडी होतो. हे पट्टे गरम टोकाकडून थंड टोकाकडे एकामागून एक सरकताना दिसतात, निळ्याच्या पुढे जांभळा, जांभळ्याच्या पुढे पिवळा. रंग ऑक्साइडचा स्वतःचा नसतो. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो तयार होतो. म्हणून रंग म्हणजे जाडीचं माप. तेच तापमान जास्त वेळ ठेवलं तर रंग पुढे सरकतो, हेही करून पाहा.

पट्टी थंड झाली की त्यावर मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, विरल द्रावणाचे थेंब सोडा: एक उघड्या धातूवर, एक निळ्या पट्ट्यावर. उघड्या भागावर काही सेकंदांत तांब्याची गुलाबी झाक येते. निळ्या भागावर ती उशिरा येते, आणि येते तेव्हा ठिपक्याठिपक्यांनी. ते ठिपके म्हणजे थरातली भोकं. मग सुईने निळ्यावर एक ओरखडा काढा आणि पुन्हा थेंब सोडा. त्या बारीक रेषेतून तांबं कसं धावतं ते नीट बघून ठेवा. कवच तुटलं की नेमकं काय होतं, हे याहून स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

हा निळा थर हवेत ठेवलेल्या पट्टीला फार दिवस वाचवत नाही. हत्यारांवर आणि यंत्रांच्या सुट्या भागांवर जे काळं ऑक्साइड चढवतात, तेही तेल लावल्याशिवाय कमीच टिकतं. थर तेलाला धरून ठेवतो आणि तेल भोकं बुजवतं. ‘ब्लॅकनिंग केलं, आता गंजणार नाही’ असं कुणी म्हणालं तर तेल लावलं का, हे जरूर विचारा. आणि जास्त तापवलं की थर जास्त चांगला, हा समजही सोडून द्या. ५७० अंशांच्या वर काळं मॅग्नेटाइट आणि लाल हेमाटाइट यांखेरीज वुस्टाइट नावाचं तिसरं ऑक्साइड तयार होतं, थर भराभर जाड होतो आणि थंड होताना पोपडे धरून सुटतो.

पायरी दुसरी: आपला उत्प्रेरक कोणत्या जातीचा आहे?

सगळ्याच लोखंडी उत्प्रेरकांना एक उपचार लागू पडत नाही. अमोनिया संश्लेषणाच्या उत्प्रेरकात काम करतं ते धातुरूप लोखंड. तो बनतो मॅग्नेटाइटपासून, थोडं अॅल्युमिना, पोटॅशियम आणि कॅल्शियम मिसळून. हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन काढला की मागे सच्छिद्र लोखंड उरतं. हवेत पेटणारा हाच, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेत, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून इंधन बनवताना, लोखंडाचं कार्बाइड काम करतं. तेही हवेत पेटू शकतं, त्यामुळे पद्धत तीच. पण तिथे उत्प्रेरक मेणात बुडवून ठेवायचीही सोय आहे.

उच्च तापमानाच्या वॉटर-गॅस शिफ्टचा (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन बनवण्याचा) उत्प्रेरक वेगळा. त्यात मॅग्नेटाइट हाच काम करणारा पदार्थ असतो, आणि क्रोमियमचं ऑक्साइड त्याचे कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही. तिथे धातुरूप लोखंड झालं तर ते नुकसान समजायचं, कारण मग मिथेन बनू लागतो. म्हणून वायूत वाफ पुरेशी ठेवतात. वापरलेला असा उत्प्रेरक बाहेर काढला की तोही हवेत तापतो, कारण मॅग्नेटाइटचं पुढे हेमाटाइट होताना उष्णता निघते. ‘हे तर आधीच ऑक्साइड आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी तिसरी: कागदावर हिशोब

या पायरीवर मी अडून बसतो, कारण बहुतेक जण ती गाळतात. ‘एक टक्का ऑक्सिजन, रात्रभर’ हे सूत्र तोंडी चालत आलेलं असतं. ते का, आणि आपल्या नमुन्याला किती वेळ पुरेल, हे कुणी मोजत नाही.

समजा क्षपण केलेला उत्प्रेरक १० ग्रॅम आहे आणि त्याचं पृष्ठफळ दर ग्रॅमला १० चौरस मीटर. त्यावर २.५ नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा थर हवा आहे. मॅग्नेटाइटची घनता दर घन सेंटीमीटरला ५.२ ग्रॅम धरली तर दर ग्रॅममागे ०.१३ ग्रॅम ऑक्साइड लागतं. त्यात ऑक्सिजन साधारण २८ टक्के, म्हणजे ०.०३६ ग्रॅम. पूर्ण नमुन्याला ०.३६ ग्रॅम, आणि खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान सुमारे २७५ मिलिलिटर.

एक टक्का ऑक्सिजन असलेला वायू मिनिटाला ५० मिलिलिटर सोडला, तर मिनिटाला अर्धा मिलिलिटर ऑक्सिजन पोचतो. २७५ मिलिलिटरला ५५० मिनिटं लागतील, म्हणजे नऊ तासांहून थोडं जास्त. ‘रात्रभर’ कुठून आलं ते इथे कळतं. पण नमुना ५० ग्रॅमचा असेल आणि प्रवाह तोच, तर एक रात्र पुरणार नाही. सकाळी नळी उघडाल तेव्हा तळाचा भाग अजून उघडाच असेल.

आता उष्णता. लोखंडापासून मॅग्नेटाइट होताना दर मिलिलिटर ऑक्सिजनमागे साधारण २३ ज्यूल उष्णता निघते. मिनिटाला अर्धा मिलिलिटर म्हणजे ११ ते १२ ज्यूल. दहा ग्रॅम लोखंड एक अंशाने तापायला ४.५ ज्यूल लागतात, तेव्हा उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तरी तापमान मिनिटाला अडीच अंश चढेल. नळीच्या भिंती आणि वाहता वायू एवढी उष्णता आरामात वाहून नेतात. त्याच प्रवाहाने साधी हवा सोडली तर मिनिटाला २४० ज्यूल, म्हणजे ५० अंशांहून जास्त वाढ. भिंतींना ती उष्णता वेळेत बाहेर टाकता येत नाही, थर जाड होऊ लागतो, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि मग ते आवरत नाही.

कवच बनताना निघणारी उष्णताच कवच जाळू शकते, या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. थर तोच, उष्णता एकूण तेवढीच. ती नऊ तासांत निघते की काही सेकंदांत, यावर सगळं ठरतं.

कणांचा आकारही तपासून घ्या. ३० नॅनोमीटर व्यासाच्या कणावर असा थर आला तर त्यातलं सुमारे २२ टक्के लोखंड खर्च होतं. कण ८ नॅनोमीटरचा असेल तर जवळजवळ दोन तृतीयांश. इतक्या लहान कणांत लोखंडाचे अणू बाहेर सरकता सरकता मधला भाग पोकळही होतो. अशा नमुन्यांना कवच चढवण्यापेक्षा ते हवेला दाखवूच नयेत, ग्लोव्ह बॉक्समध्ये (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत) ठेवावेत, असं माझं मत आहे.

पायरी चौथी: प्रत्यक्ष कवच चढवणं

क्षपण संपलं की हायड्रोजन बंद करून, नळी गरम असतानाच, नायट्रोजन किंवा आर्गॉन अर्धा तास सोडा. लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटलेला हायड्रोजन गरम असतानाच नीट सुटतो. ही पायरी सुरक्षेचीही आहे: हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात असलेला हायड्रोजन पेटू शकतो, आणि तुम्ही थोड्याच वेळात त्या नळीत ऑक्सिजन सोडणार आहात. मग त्याच निष्क्रिय वायूत खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्या. भट्टी उघडून नळीवर पंखा लावला तरी चालेल, पण ‘४० अंश आहे, होईल काम’ असं करू नका. इथे दहा-पंधरा अंशांची सवलत पुढे महागात पडते.

वायू कोरडा हवा. बाहेर जाणारा वायू ज्या पाण्यातून बुडबुड्यांनी सोडतात त्या बबलरमधलं पाणी उलटं खेचलं जाऊन नळीत आलं तर कवचाऐवजी गंज तयार होतो, म्हणून बबलरच्या आधी रिकामी बाटली जोडा. मिश्रण शक्यतो तयार सिलिंडरचं घ्या. हवा आणि नायट्रोजन मास फ्लो कंट्रोलरने (वायूचा प्रवाह मोजून सोडणाऱ्या उपकरणाने) मिसळायचे असतील तर हवेचा कंट्रोलर छोट्या क्षमतेचा असू द्या. मोठा कंट्रोलर त्याच्या मापाच्या अगदी तळाशी चालवला की नेमकं प्रमाण देत नाही.

तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं टोक उत्प्रेरकाच्या आत हवं, भट्टीच्या भिंतीला टेकलेलं नको. जमलं तर दोन बसवा, एक वायू येतो त्या बाजूला आणि एक जातो त्या बाजूला. एक टक्का मिश्रण सुरू केलं की आधी पहिला थर्मोकपल चढतो, काही वेळाने उतरू लागतो, आणि मग दुसरा चढतो. उत्प्रेरकातून एक कोमट लाट पुढे सरकत असते: तिच्या मागचा भाग कवच घेतलेला, पुढचा अजून उघडा. लाट शेवटाला पोचेपर्यंत बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन जवळपास नसतो, कारण सगळा आतच खर्च होतो. तिथे ऑक्सिजन सेन्सर असेल तर काम कधी संपत आलं ते आकड्यात दिसतं.

प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसाठी मी ५० अंशांची लक्ष्मणरेषा पाळतो. काटा तिकडे झुकू लागला की ऑक्सिजन बंद, निष्क्रिय वायू चालू, आणि तापमान खाली आल्यावर निम्म्या प्रमाणाने पुन्हा सुरुवात. प्रवाह कमी करू नका. प्रवाह उष्णता बाहेर नेतो, कमी करायचा तो त्यातला ऑक्सिजन.

लाट पार झाली, दोन्ही थर्मोकपल खोलीच्या तापमानाला आले, की २ टक्के, मग ५, मग १०, आणि शेवटी हवा. प्रत्येक वेळी छोटी उसळी येईल. ती पूर्ण बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवेवर तासभर ठेवून मगच नळी उघडा. पहिल्यांदा चिमूटभर नमुनाच धातूच्या बशीत काढा, फिल्टर पेपरवर कधीच नाही, आणि दहा मिनिटं थांबा. शेजारी कोरडी वाळू असू द्या.

पायरी पाचवी: थर नीट बसला का?

पहिली तपासणी वजनाची. वरच्या उदाहरणात १० ग्रॅमला ०.३६ ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. याहून बरीच जास्त आली तर कुठेतरी तापलं असणार. रंगही सांगतो: काळा किंवा गडद राखाडी ठीक, तपकिरी-लाल झाक आली तर तिथे हेमाटाइटपर्यंत मजल गेली. लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ भेटतात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण लोखंड आणि मॅग्नेटाइट दोन्ही ओढले जातात.

क्ष-किरण विवर्तनात लोखंडाच्या ठळक रेषा दिसतील, आणि ऑक्साइड एकतर दिसणारच नाही किंवा रुंद, पुसट उंचवट्यासारखं दिसेल. दोन-तीन नॅनोमीटरचा थर तीक्ष्ण रेषा देत नाही. याउलट एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी फक्त वरचे काही नॅनोमीटर पाहते, म्हणून तिथे जवळपास सगळं ऑक्साइडच दिसेल आणि ७०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचं धातूचं शिखर अगदी लहान असेल. हे पाहून ‘माझं क्षपणच झालं नव्हतं’ असं समजून रडकुंडीला आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. दोन्ही मोजमापं खरीच सांगत असतात, एक आतलं आणि दुसरं वरचं. दोन्हींचं प्रमाण एकत्र हवं असेल तर मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीसारखं साधन नाही. तिथे खोलीच्या तापमानाला ३३ टेस्ला चुंबकीय क्षेत्राचा षट्क (सहा रेषांचा संच) म्हणजे धातुरूप लोखंड, हे ओळखायला शिकून घ्या.

पायरी सहावी: साठवण आणि कवच उतरवणं

बाटली घट्ट झाकणाची, आत नायट्रोजन, आणि बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा धरला की ऑक्साइडखालचं लोखंड विरघळू लागतं, आणि आपण टाळलेला गंजाचा मार्ग पुन्हा खुला होतो. क्लोराइडपासून तर चार हात दूर ठेवा. तो थराला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडून आत शिरतो. बाटलीवर क्षपणाची आणि कवच चढवल्याची अशा दोन्ही तारखा लिहा. पातळ थरही महिन्यांमागून महिने हळूहळू जाड होत राहतो.

वापरायच्या दिवशी नमुना अभिक्रियेच्या नळीत भरा आणि निष्क्रिय वायूने हवा पूर्ण काढून टाकल्यावरच हायड्रोजन सोडा. पातळ थराचं क्षपण मूळ मॅग्नेटाइटपेक्षा लवकर उरकतं, तरीही घाई नको. थरातून निघणारं पाणी वाफ होऊन पुढच्या कणांवरून जातं. ते साचलं तर नुकतंच मोकळं झालेलं लोखंड पुन्हा ऑक्साइड होतं, पुन्हा धातू होतं, आणि या ये-जा करण्यात कण मोठे होऊन पृष्ठफळ घटतं. म्हणून तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच वाढवा, हायड्रोजनचा प्रवाह भरपूर ठेवा, आणि बाहेर पडणाऱ्या वायूतलं पाणी जवळजवळ शून्यावर येईपर्यंत त्याच तापमानाला थांबा. मग पृष्ठफळ पुन्हा मोजा आणि कवच चढवण्याआधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. पुढच्या खेपेला ऑक्सिजनचा हिशोब याच आकड्यावरून करायचा आहे.